बंदिस्त लागवड खोलीतले प्रखर दिवे: हवा खेळती ठेवणं आणि उष्णता बाहेर काढणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी तापमानं सेल्सियसमध्ये आहेत आणि हवेचा प्रवाह घनमीटर प्रति तास असा दिला आहे. तुमच्या पंख्यावर सीएफएममध्ये (घनफूट प्रति मिनिट) आकडा असेल तर त्याला १.७ ने गुणा.

६०० वॅटचा दिवा खोलीत नेमकी किती उष्णता सोडतो?

६०० वॅट. त्यातल्या काही विजेचा प्रकाश होतो हे खरं, पण तो प्रकाश पानांवर, भिंतींवर, कुंड्यांवर पडून शेवटी उष्णताच बनतो. प्रकाशसंश्लेषणात अडकून राहणारी ऊर्जा इतकी थोडी असते की ती हिशेबात धरूच नये. सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिव्याचा बॅलास्ट (दिव्याची वीज नियंत्रित करणारा डबा) खोलीतच टांगलेला असेल तर त्याचे आणखी साधारण १० टक्के मिळवा. म्हणजे ६०० वॅटचा दिवा ६६० वॅटचा हीटर झाला. हवा फिरवणारे पंखे, पाण्याचे पंप, आर्द्रता काढायचं यंत्र यांचे वॅटही त्याच बेरजेत जातात. खोलीत शिरलेली वीज उष्णता होऊनच बाहेर पडते.

मग एक्झॉस्ट फॅन किती मोठा घ्यायचा?

सूत्र सोपं आहे: एकूण वॅट गुणिले ३, भागिले तापमानातला फरक. उत्तर घनमीटर प्रति तास असं येतं. फरक म्हणजे आत येणाऱ्या हवेपेक्षा खोली किती अंश जास्त गरम झालेली चालेल ते.

समजा ६०० वॅटचे २ सोडियम दिवे आहेत, बॅलास्ट आतच आहेत आणि छोटे पंखे धरून बेरीज १४०० वॅट होते. फरक ५ अंशांवर ठेवायचा आहे. १४०० × ३ ÷ ५ = ८४०. हा आकडा खोलीतून प्रत्यक्ष जाणाऱ्या हवेचा आहे. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. डक्ट (हवा नेणारी नळी), वळणं आणि फिल्टर जोडले की तो उतरतो. म्हणून २५ ते ३० टक्के वाढवून १०५० ते ११०० चा पंखा घ्या. वास शोषणारा कार्बन फिल्टर लावणार असाल तर त्याहून थोडा मोठा.

‘दर ३ मिनिटांना खोलीतली हवा एकदा बदला’ हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो. त्यात दिव्याच्या वॅटचा कुठे उल्लेखच नसतो. ३ मीटर बाय ३ मीटर, २.४ मीटर उंच खोली घेतली तर आतली हवा भरते २१.६ घनमीटर, आणि या नियमाने पंखा येतो ४३२ चा. त्याच १४०० वॅटवर ही खोली बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ १० अंशांनी तापेल. तोच नियम दोनच एलईडी पट्ट्या असलेल्या मोठ्या खोलीला गरज नसताना मोठा पंखा घ्यायला लावेल. खोलीच्या आकारापेक्षा दिव्यांचे वॅट मोजा.

पंखा हिशेबाने घेतला, तरी खोली तापतेच. का?

सगळ्यात आधी आत येणारी हवा किती गरम आहे ते बघा. हवा बदलून खोली आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही, पंखा कितीही मोठा लावला तरी. बाहेर ३४ अंश असताना वरच्या हिशेबातली खोली ३९ ला जाणार. इथे पंखा वाढवणं म्हणजे नुसता आवाज वाढवणं. दिवे रात्री लावायचे, हवा घराच्या गार बाजूने घ्यायची किंवा एसी बसवायचा, एवढेच मार्ग उरतात.

आत येणारी हवा गार असूनही खोली तापत असेल तर पंखा खरोखर किती हवा ओढतोय ते मोजा. त्यासाठी दोन साधे थर्मामीटर पुरतात. एक हवा आत येते तिथे, दुसरा एक्झॉस्टच्या तोंडाशी ठेवा, दोन्ही सावलीत. दिवे लावून दोन तास झाल्यावर फरक वाचा आणि सूत्र उलटं फिरवा: वॅट × ३ ÷ फरक. १४०० वॅटवर ९ अंश फरक दिसला तर प्रवाह जेमतेम ४६७ आहे, म्हणजे ११०० च्या पंख्याचा निम्म्याहून जास्त जोर कुठेतरी अडकतोय. झाडं दाटलेली असतील तर काही उष्णता वाफेत जाते आणि हा आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो, म्हणून चाचणी खोली रिकामी असतानाच करून घ्यावी.

जोर अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत: आत येणाऱ्या हवेची वाट अरुंद, डक्ट बारीक किंवा सुरकुतलेला, फिल्टर धुळीने बंद, नाहीतर बॅकड्राफ्ट डॅम्परची (हवा उलटी येऊ न देणाऱ्या झडपेची) पाती उलटी बसवलेली. पंख्यात दोष असतो तो क्वचित.

डक्ट कोणत्या व्यासाचा?

डक्टमधल्या हवेचा वेग सेकंदाला ५ ते ७ मीटरच्या आसपास राहील असा. ८४० च्या प्रवाहाला १५० मिमी डक्टमध्ये हवा सेकंदाला १३ मीटरने धावते, शिट्टी वाजते आणि पंख्याचा दम घर्षणातच जातो. २०० मिमीमध्ये तोच वेग ७.४ वर येतो, २५० मिमीमध्ये ४.८ वर. तेवढीच हवा १५० ऐवजी २०० मिमीतून नेली तर घर्षण साधारण एक चतुर्थांश होतं. पंखा बदलण्याआधी डक्ट बदला, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच.

लवचिक ॲल्युमिनियम डक्ट पूर्ण ताणून बसवा. पाच मीटरचा डक्ट दोन मीटरच्या अंतरात कोंबला की आतल्या वळ्या हवेच्या वाटेत उभ्या राहतात. जास्तीचा भाग निर्दयपणे कापून टाका. ‘पुढे लागेल’ म्हणून ठेवलेला हात-दीड हात रोज त्रास देतो. वळण घ्यायचंच असेल तर मोठ्या गोलाईने घ्या. सांधे स्टीलच्या क्लॅम्पने आवळून वर ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा. कापडी टेपचा गोंद उष्णतेने वाळतो आणि काही महिन्यांत ती लोंबायला लागते.

डक्टच्या मध्ये बसणारा इनलाइन फॅनच हवा का? भिंतीतला साधा एक्झॉस्ट चालणार नाही का?

भिंतीला भोक आणि त्यात पंखा, मध्ये काहीच नाही, अशी रचना असेल तर चालेल. पण डक्ट, फिल्टर, हूड (दिव्यावरचं झाकण) यांच्यातून हवा ओढायची असेल तर साध्या पात्यांचा पंखा दाबापुढे हतबल होतो. फिरत राहतो, हवा मात्र हलत नाही. तिथे सेंट्रिफ्युगल किंवा मिक्स्ड फ्लो इनलाइन फॅनच लागतो.

थोडा मोठा पंखा घेऊन कमी वेगाने चालवणं सगळ्यात शहाणपणाचं. वेग ८० टक्क्यांवर आणला की हवा ८० टक्के राहते, पण वीज जवळपास निम्म्यावर येते आणि आवाजही बराच उतरतो. वेग कमी करायला दिव्याचा डिमर लावू नका. पंख्याची साधी एसी (प्रत्यावर्ती विजेवरची) मोटर त्यावर गुणगुणते, तापते आणि लवकर जाते. त्या पंख्यासाठीच बनवलेला रेग्युलेटर किंवा मग ईसी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरचा पंखा घ्या.

हवा आत यायला किती मोठी वाट ठेवू?

एक्झॉस्ट डक्टच्या तोंडाच्या किमान दोन-तीन पट. ८४० प्रवाहासाठी ३० सेंमी बाय ३० सेंमी मोकळी जागा लागते. त्यावर किड्यांची जाळी बसवणार असाल तर ४० बाय ४० ठेवा, कारण जाळीच्या तारा बरीच जागा खातात. वाट खाली, एक्झॉस्टच्या समोरच्या कोपऱ्यात हवी आणि बाहेर जाणारा डक्ट छताजवळ. दोन्ही एकाच भिंतीवर जवळजवळ काढले तर नवी हवा आत शिरते तशीच बाहेर पडते आणि झाडांना तिचा वाराही लागत नाही.

उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा. धूर अलगद आत ओढला गेला पाहिजे. दार उघडायला जोर लागत असेल किंवा ग्रो टेंटच्या (लागवडीच्या कापडी तंबूच्या) भिंती पोटात गेल्या असतील, तर हवेची वाट कमी पडतेय.

काचेचा, हवेने थंड होणारा हूड घ्यावा का?

दिवे झाडांच्या जवळ आणायचे असतील आणि छत बुटकं असेल तर जरूर घ्या. हूडमधून जाणारी हवा दिव्याच्या तापलेल्या नळीला आणि परावर्तकाला घासून जाते, ती उष्णता खोलीत उतरतच नाही. पण सगळी उष्णता हूडमध्ये अडकते असं समजू नका. प्रकाश आणि त्यासोबतची जवळची अवरक्त किरणं काचेतून खाली जातातच, आणि सोडियम दिव्यात ती भरपूर असतात.

उत्तम रचना म्हणजे हूडची हवा वेगळी: बाहेरून घेतली, हूडमधून नेली, बाहेर सोडली. खोलीतल्या हवेशी तिचा संबंधच नाही. त्यामुळे एसीची गार हवा किंवा सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाया जात नाही.

एका रांगेत तीन-चार हूड जोडताना शेवटच्या दिव्याकडे लक्ष द्या. प्रत्येक हूडमध्ये ४०० वॅट उचलले जातात आणि प्रवाह ५०० आहे असं धरलं तर दर हूडला हवा २.४ अंशांनी तापते. तिसऱ्यातून बाहेर पडताना ती ७ अंश वर गेलेली असते. चारपेक्षा जास्त दिवे असतील तर रांगा दोन करा.

पंखा हूडच्या पुढे ठेवून ढकलायचं की मागे ठेवून ओढायचं, यावर वाद घालणारे खूप. आम्ही ओढण्याच्या बाजूने आहोत: सांध्यात फट असली तरी खोलीतली हवा आत शिरते, हूडमधली गरम हवा खोलीत फुंकली जात नाही. फक्त पंखा किती तापमानाच्या हवेला चालतो ते त्याच्या पाटीवर बघून घ्या.

काच १५ दिवसांतून एकदा, दिवा पूर्ण गार झाल्यावर पुसा. धुळीचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, झाडांना मात्र जाणवतो.

दोन टोकांच्या सोडियम दिव्यावर पंख्याचा झोत सोडू का?

नको. या दिव्याची बाहेरची नळी बारीक असते आणि तो ठरावीक तापमानालाच नीट चालतो. थेट वाऱ्याने नळी गार पडली की प्रकाश उतरतो, रंग बदलतो आणि आयुष्य घटतं. हवा फिरवणारे पंखे दिव्यांच्या खाली, झाडांच्या उंचीला लावा.

एलईडी लावले की उष्णतेचा प्रश्नच मिटतो ना?

नाही. ६०० वॅटचा एलईडी खोलीत ६०० वॅटच सोडतो. फायदा दुसरीकडे आहे: तेवढाच उपयोगी प्रकाश मिळवायला एलईडीला वॅट कमी लागतात. चांगले आधुनिक एलईडी एका ज्यूल विजेमागे २.५ ते ३ मायक्रोमोल (झाडांना उपयोगी प्रकाशकणांचं माप) देतात, दोन टोकांचे सोडियम दिवे १.७ च्या आसपास. म्हणजे १००० वॅटच्या जागी साधारण ६०० वॅटमध्ये काम होतं आणि उष्णताही त्याच प्रमाणात घटते.

एक गोष्ट मात्र उलटी होते. एलईडीत अवरक्त किरणं फार कमी असल्याने पानं हवेपेक्षा गार राहतात. सोडियमखाली २४-२५ अंशांची सवय असलेल्या माणसाने एलईडीखालीही तेच तापमान ठेवलं तर वाढ मंदावते. एलईडीसाठी खोली २६ ते २८ वर चालवा. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) खोलीबाहेर बसवता आले तर आणखी ५ ते १० टक्के उष्णता बाहेर राहते. एलईडीच्या पाठीमागच्या पन्हळ्यांवर धूळ साचू देऊ नका. चिप तापली की आधी प्रकाश घटतो, मग आयुष्य.

शेंड्याची पानं करपतात. उष्णता की प्रकाश?

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, कडा कुरकुरीत लागत असतील तर उष्णता. पान सपाट, पण शेंडा पांढुरका-पिवळा पडत चाललाय आणि खालची पानं हिरवीगार आहेत, तर प्रकाश जास्त होतोय. हा दुसरा प्रकार एलईडीखाली जास्त दिसतो आणि खोली गार करून जात नाही. दिवा वर घ्यायचा किंवा मंद करायचा.

हाताची पालथी बाजू शेंड्यांच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. चटका जाणवला तर दिवा फार जवळ आहे. सुरुवातीला ६०० वॅटचा उघडा सोडियम दिवा ४५ ते ६० सेंमीवर, काचेच्या हूडमधला ३० ते ४० सेंमीवर, १००० वॅटचा उघडा दिवा ६० ते ९० सेंमीवर ठेवून मग रोज थोडं बघत जा.

थर्मामीटर दिव्याच्या थेट उजेडात टांगू नका. काळा सेन्सर किरणं पिऊन हवेपेक्षा कितीतरी अंश जास्त दाखवतो आणि मग माणूस नसलेल्या उष्णतेच्या मागे धावतो. शेंड्यांच्या उंचीवर, वरून छोटं पांढरं छप्पर करून ठेवा.

एसी किती टनांचा?

१ टन म्हणजे ३५१७ वॅट उष्णता. १००० वॅटचे ४ दिवे बॅलास्टसकट ४४०० वॅट, आर्द्रता काढायचं यंत्र ६००, पंखे आणि पंप २००: एकूण ५२००, म्हणजे दीड टन. यात भिंतीतून शिरणारी उष्णता नाही. शिवाय एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेरचं युनिट कडक उन्हात उभं असेल तर ती घटते. इथे २ टनांचा इन्व्हर्टर एसी घ्यावा.

एकाच नळीचा फिरता एसी घेऊ नका. तो खोलीतलीच हवा नळीतून बाहेर टाकतो आणि तिच्या जागी फटींतून बाहेरची गरम हवा आत येते. घ्यायचाच तर दोन नळ्यांचा.

पाण्याचा कूलर बंद खोलीत अजिबात नको. बाहेरची हवा कोरडी असेल आणि आलेली सगळी हवा एक्झॉस्टने बाहेर जात असेल तरच तो उपयोगाचा. एरवी त्याने खोलीचं न्हाणीघर होतं.

दिवे बंद झाल्यावर खोली ओलसर का होते?

हवेत वाफ तेवढीच राहते, तापमान उतरतं. २८ अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली हवा २२ ला आली की ८६ टक्के होते, २० ला आली की ९७ टक्के. यापुढे पानांवर दव धरतं आणि भुरी, करपा, करड्या बुरशीला आयतं रान मिळतं. म्हणून दिव्यांसोबत एक्झॉस्ट बंद करू नका. बाहेरची हवा खोलीतल्यापेक्षा कोरडी असेल तर तो मंद वेगाने रात्रभर चालू ठेवा. बंद खोलीत आर्द्रता काढायचं यंत्र लागतं, पण ते दर लिटर पाण्यामागे सुमारे ०.७ युनिट उष्णता परत खोलीत सोडतं, वर स्वतःची वीज वेगळी.

डक्ट थंड जागेतून जात असेल तर आत पाणी जमतं. बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि वर इन्सुलेशन गुंडाळा. उलट्या उतारावर तेच पाणी पंख्यात किंवा तापलेल्या दिव्यावर येतं, आणि तापलेली काच थेंबाने फुटते.

कार्बन डायऑक्साइड सोडत असलो तर हवा कशी बदलायची?

बदलायची नाही. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. खोलीत १००० ते १२०० ठेवायचा आणि वर ८४० चा एक्झॉस्ट चालवायचा, म्हणजे सिलिंडर सरळ खिडकीबाहेर रिकामा करणं. असं करायचं तर खोली बंद, थंडावा एसीचा आणि हूडची हवा वेगळी. माणसांच्या जागेत ८ तासांची मर्यादा ५००० पीपीएम आहे, म्हणून जमिनीलगत अलार्म लावल्याशिवाय सिलिंडर उघडू नका.

हायड्रोपोनिक्सच्या (मातीशिवाय पाण्यावरच्या लागवडीच्या) टाकीतलं पाणी तापतं. काय करू?

१८ ते २२ अंश ठेवा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि त्याच वेळी मुळांची गरज वाढलेली असते. टाकी पांढऱ्या आवरणात, थेट फरशीवर ठेवा. बॅलास्ट तिच्याजवळ नको, पाण्यातला पंपही बाहेर काढता आला तर काढा.

पंखा अचानक बंद पडला तर?

वरच्या २१.६ घनमीटरच्या खोलीत १४०० वॅट नुसती हवाच तापवत असतील तर दर २० सेकंदांना साधारण १ अंश चढतो. भिंती आणि ओली माती हा वेग बराच कमी करतात, तरी तासाभरात झाडं माना टाकतात. म्हणून दिव्यांचा कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ३५ अंशांना तुटणाऱ्या थर्मोस्टॅटमधून चालवा आणि डक्टमध्ये हवेच्या दाबाचा स्विच घाला: हवा थांबली की दिवे गेले पाहिजेत. थर्मोस्टॅट हाताने रीसेट करायचा असलेला बरा. आपोआप परत जोडणारा असेल तर खोली गार होताच दिवे लागतात, पुन्हा तापते, पुन्हा बंद, आणि गरम दिवा असा वारंवार पेटवल्याने दिवा आणि बॅलास्ट दोन्ही झिजतात. मेटल हॅलाइडला तर पुन्हा पेटायला १० ते १५ मिनिटं लागतातच.

दिवे थेट टायमरवर चालवू नका. चालू होताना लागणाऱ्या धक्क्याने टायमरचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. टायमर ‘बंद’ दाखवतो आणि दिवे जळत राहतात. टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. २३० व्होल्टवर १००० वॅटचा दिवा बॅलास्टसकट ४.८ अँपिअर घेतो, चार दिवे १९. त्यांना स्वतंत्र वायरिंग, स्वतःचा एमसीबी (जास्त भार आला की तुटणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की तुटणारा स्विच) द्या. प्लग हाताला गरम लागत असेल तर तो त्याच दिवशी बदला.